मालक म्हणून कुणाचं नाव

आईची कुरकुर थांबावी म्हणून कापडदुकानदार सुरेशचंदने भुऱ्या कुत्र्याला पारोळ्याला सोडलं. संध्याकाळच्या आत गावातल्याच मेहरूण भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा फोन आला. "अभिनंदन! तुमचा कुत्रा सापडला. तिथल्या डॉक्टरांनी मानेतली चिप तपासली, मालक म्हणून तुमचं नाव निघालं." चरफडत जाऊन आणावा लागला. मग त्याने दीपनगर गाठलं. पुन्हा अभिनंदन. आता धुळ्याहूनही तेच, म्हटल्यावर ऐन गिऱ्हाइकीत सुरेशचंदचं टाळकं सरकलं.

"अहो डॉक्टर, ही चिपची भानगड केली कुणी? आमच्या पोराने, तरुणने ना?"

"नाही, तुमच्या आईंनी. मोहनबाई स्वतः रिक्षातून घेऊन आल्या होत्या त्याला."

"आई? अहो, रोज सकाळी उठून 'या कुत्र्याला कुठेतरी सोडून ये' म्हणून माझं डोकं खाते ती! आणि मग मालक म्हणून माझं नाव कशाला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, मला बोलायची सवय आहे, आणि आमचा सुरेश एक दिवस ते खरं मानेल. सोडून तोच येणार, तर आणायलाही त्यालाच पळू दे."