रिकामी झोळी

"रिकामी झोळी हलवू नगा, ताई. लेकराला चांगलं न्हाई ते," कुसगावची दूधवाली बयाबाई म्हणाली होती. कुमुदने ते हसण्यावारी नेलं. बी.एस्सी. झालेल्या बाईने असल्या गोष्टींना किती भ्यायचं!

नवऱ्याची रस्तेमोजणीची नोकरी फिरतीची, म्हणून त्यांनी जुन्या बसमध्येच बिऱ्हाड थाटलं होतं. आज सकाळपासून तिथल्या दिव्याच्या बॅटरीला जोडलेल्या व्होल्टमीटरचा काटा सारखा वरखाली होत होता. नवरा वायरी तपासत होता. कुमुद बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती आणि तिचा मोकळा हात नकळत छताला टांगलेल्या बाळाच्या रिकाम्या झोळीला झोके देत होता.

"अहो, काटा झोक्याबरोबर डुलतोय."

"काहीतरीच तुझं! वायर सैल असेल." त्याने बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या. दिवा विझला. काटा मात्र डुलतच राहिला.

कुमुदने झटकन झोळी धरली. काटा शून्यावर पडला. पण झोळी हाताला जड लागली, उबदारही लागली. खांद्यावरचा भार मात्र हलका होत चालला.

"काय गं, निजलं का बाळ?" नवऱ्याने मान वर न करताच विचारलं.

तिची मान वळेना. तुम्हीच बघा हो जरा, तिच्या खांद्यावर बाळ आहे ना?