विश्वाचा पसारा

आज लेकीसमोर आवाज चढवायचा नाही, असं तिने सकाळीच मनाशी पक्कं केलं होतं. नवरा हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसून कॉलेजच्या मुलांचा खगोलशास्त्राचा तास घेत होता. त्याच्या खुर्चीपासून पार दारापर्यंत ठोकळे, खडू, बाहुल्या आणि त्याचीच पुस्तकं पसरली होती.

"अरे, निदान तुझी पुस्तकं तरी उचल," ती पुन्हा एकदा कुजबुजली.

"पाच मिनिटं गं," तो माइक बंद करून म्हणाला. "विश्वाचा आकार झाला, आता शेवट तेवढा राहिलाय."

ती दातओठ खात वाकली आणि एकटीच ठोकळे गोळा करू लागली.

नवऱ्याने माइक पुन्हा सुरू केला. आता तो चांगलाच रंगात आला होता. "तर मुलांनो, हा पसारा सारखा वाढतोच आहे. आवरणारं कुणी नाही. मग शेवटी काय होणार? सांगा बघू!"

टेबलाखाली खेळणाऱ्या चार वर्षांच्या लेकीने झटकन हात वर केला.



"शेवटी आई ओरडणार!"