टोपीचा नियम

बिरदेवनं डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि मेहरीनपुढं धरली. आता नंबर तिचा होता.

स्वमग्न मुलांच्या या रोबोटिक्स टीमला रोहिणीबाई वर्षभर शिकवत होत्या, ते काही रोबोटसाठी नव्हे. रोबोट काय, दोन चाकांचं डबडं. टेबलावरच्या उसाच्या कांड्या उचलून छोट्या ट्रॉलीत टाकायचं. शिकवायचं होतं ते थांबायला, दुसऱ्याला द्यायला, आपला नंबर ओळखायला. नुसतं सांगून ते मुलांच्या पचनी पडेना. मग बाईंनी लग्नात वाटतात तसली एक टोपी आणली. टोपी ज्याच्या डोक्यावर, रिमोट त्याच्या हातात. बाकीच्यांनी हात मागं बांधून थांबायचं. हे मात्र मुलांना इतकं पटलं, की डबा उघडायलाही ती टोपी मागू लागली.

बारामती एमआयडीसीतल्या एका हॉलमध्ये आज निवड होती. परीक्षकांसमोर जो स्वतः रोबोट चालवेल, तोच पुण्याच्या स्पर्धेला जाणार. टीममधल्या बाकी तिघांचं झालं होतं, उरली होती मेहरीन. तिची आई रोशनबी कन्हेरीहून आली होती आणि खुर्ची रिकामी असूनही भिंतीला टेकून उभी होती.

मेहरीननं टोपीकडं हात नेला, आणि नेमके तेव्हाच झुंबरशेठ आले.

रोबोटचं सामान शेठनीच घेऊन दिलेलं. उद्घाटनाला यायचे ते निवड संपत आल्यावर उगवले. संस्थेचे सचिव राजवर्धन सर सत्काराला धावले. शाल होती, नारळ होता, टोपी नव्हती. आणलेल्या सगळ्या टोप्या सकाळच्या पाहुण्यांच्या डोक्यावर गेल्या होत्या. आपल्याकडं पाहुणा उपाशी गेलेला एक वेळ चालतो, बोडका गेलेला चालत नाही. सरांनी बिरदेवच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि शेठच्या डोक्यावर ठेवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दोन मुलांनी कान दाबून धरले.

मेहरीनचा हात तसाच पुढं राहिला होता. तिनं तो मागं नेला आणि दुसऱ्या हातात अडकवला.

"ह्योच का तो रोबोट?" शेठ टेबलापाशी आले. "बघू तरी कसा चालतोय."

बिरदेवनं त्यांच्या डोक्याकडं पाहिलं आणि रिमोट त्यांना देऊन टाकला. नियम म्हणजे नियम.

शेठ रमले. माणूस वाईट नव्हता हो, तीच तर पंचाईत. कांडी उचलायचे, पाडायचे, पुन्हा उचलायचे. "आमच्या लहानपणी असलं कुठं हुतं!" म्हणत खदखदून हसायचे. फोटोवाला टेबलाभोवती फिरत होता. हॉलमधलं सगळ्यात खूश पोर त्या घटकेला तेच होतं.

रोहिणीबाई सरांपाशी गेल्या. "सर, मेहरीनचा नंबर आहे. तिची वेळ चाललीय."

"दोन मिनिटं हो, बाई. नव्या खोल्या त्यांच्याकडूनच बांधून घ्यायच्यात आपल्याला."

बाई जागेवर परतल्या. शेठना एक वाक्य सांगायचं होतं, फार तर दीड. 'आपल्याला काय हवं ते तोंडानं सांगायचं' हे वर्षभर मुलांकडून घोकून घेणाऱ्या बाईंना तेवढं जमलं नाही.

वेळ संपल्याची घंटा वाजली. शेठनी रिमोट टेबलावर ठेवला, मेहरीनच्या गालाला हात लावला. ती अंग चोरून उभी राहिली. शेठना मोरगावला दुसरा कार्यक्रम होता. शाल-टोपीसकट ते गाडीत बसले.

रिमोट आता मेहरीनच्या हाताशी होता. तिनं मागं बांधलेले हात सोडले नाहीत.

"हिनं चालवलाच नाही," परीक्षक बाई म्हणाल्या.

"तिला एकदा द्या ना," रोहिणीबाई आता म्हणाल्या. "तिला येतं सगळं."

"सगळ्या टीमना सारखीच वेळ आहे, मॅडम. आणि रिमोट समोर असूनसुद्धा ती पुढं झाली नाही. पुढाकार कमी पडतोय तिचा. त्यावर जरा काम करा."

पुण्यासाठी तीन नावं पुकारली गेली. पुढची टीम टेबल पुसायला लागली.

रोहिणीबाई मेहरीनसमोर खाली बसल्या. रोज म्हणायच्या तेच म्हणाल्या.

"शाब्बास, मेहरीन. छान थांबलीस."

"माझा नंबर," मेहरीन म्हणाली.

"हो गं बाळा. पुढच्या वर्षी."

"माझा नंबर."

रोशनबी भिंतीपासून पुढं आली. लेकीची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती, की ती ओढून सोडवावी लागली.

"शाळंत यायच्या आदी ही चावायची, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "कुनी हिचं काय घेतलं, की कडकडून चावायची. मीच तुमच्या पाया पडली हुती, एवढी खोड मोडा म्हणून. तुमी मोडली. आज चावली असती, तर बरं झालं असतं."