जवळून काढलेले फोटो

कुडव्याची दुर्गेश्वरी भावाच्या जुन्या, साध्या कॅमेऱ्यावर जास्वंदीचे अगदी जवळून फोटो काढायला शिकत होती. सुरुवातीला सगळे धूसर यायचे. मग ती कोपर टेकवून, श्वास रोखून फोटो काढू लागली, तशी पाकळीची शीर न् शीर दिसू लागली.

“फुलायचे फोटू काढून काय करशील वं?” नवरा खेमराज हसला.

“शिकून राहिली,” ती म्हणाली.

काही महिन्यांनी कोर्टात तिच्या वकीलबाईंनी फोटो मांडले. दंडावर उमटलेली पाच बोटं, मनगटावरचा चटका, सारं लख्ख दिसत होतं.

खेमराजचा चेहरा उतरला. “हे कोनं काढले?”

दुर्गेश्वरीने त्याच्या नजरेला नजर दिली.

“मीनंच. फुलायवर त निसता हात बसवून राहिली होती.”