सोमवारची तारीख

हवालदाराने कैदी मार्तंड खिल्लारेच्या डोक्यावरचा टोप काढला आणि तो कोर्टात जागा झाला. टोपाखाली, मनातल्या कोठडीत, बाहेरच्या एका दिवसात अख्खं वर्ष जायचं. चौदा वर्षांची शिक्षा पंधरवड्यात आटोपायची. त्याचं मागणं एवढंच होतं, की आतल्या अंधाऱ्या कोठडीला खिडकी द्या.

सरकारी वकिलांनी उत्तराला मुदत मागितली. आज शुक्रवार, म्हणून न्यायाधीशांनी सोमवारची तारीख दिली.

"नशीब काढलंत!" त्याच्या वकील टिपणीसबाई म्हणाल्या. "इतकी जवळची तारीख कुणाला मिळते?"

त्यांच्या बोटावरची चिकटपट्टी त्याने वर्षापूर्वी, म्हणजे कालच्या सुनावणीला, पाहिली होती.

"बाई, आणखी तीन वर्षं अंधारात?"

हवालदाराने टोप चढवला.

"काय करणार हो," बाई म्हणाल्या, "मधे शनिवार-रविवार आलाय ना."