हलका हात

मेकॅनिकची पहिली बायको जाऊन चार वर्षं झाली, पण तिची जुनी गाडी काही तो विकेना. दुसरीच्या डोळ्यांत ती सवतीसारखी सलायची.

आज गाडीच्या स्टिअरिंग रॅकमधून तेल गळत होतं. कुठून गळतंय ते बघायला तो खाली शिरला आणि बायकोला त्याने स्टिअरिंग फिरवायला बसवलं.

"अगं, हळू! तिचा हात किती हलका होता."

"मग तिलाच बोलवा की!" दार आपटून ती थेट गॅरेजच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिली.

गाडीखालून आवाज आला, "आलीस परत? हां, आता कसं! अस्संच फिरव."

तिने वळून पाहिलं. रिकाम्या सीटसमोर स्टिअरिंग फिरत होतं.

"सापडलं, सील गेलंय. उतर आता."

तिने आपटलेलं दार अलगद उघडलं गेलं.