फुटपाथवरची उपासना

“यंदा नाताळात बत्रासाहेबांसमोर ब्लँकेटं वाटायची नाहीत,” अहिल्याबाई रणपिसे म्हणाल्या, आणि भगिनी मंडळाच्या बैठकीत चहाचे कप हातातच राहिले.

दिल्लीत करोल बागेजवळच्या त्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा हा जुना शिरस्ता होता. दर नाताळात सगळे एका मोठ्या सरकारी इस्पितळासमोर जमायचे आणि फुटपाथवर झोपणाऱ्या नातेवाइकांना ब्लँकेटं वाटायचे. खेड्यापाड्यांतून आजारी माणसाला घेऊन आलेले हे लोक. रोग्याला आत खाट मिळे, यांना बाहेर फरशी. प्रमुख पाहुणे ठरलेले होते, नगरसेवक बत्रासाहेब. ते पहिलं ब्लँकेट हातात धरून फोटोग्राफरकडे बघत हसायचे आणि निघून जायचे.

हेच बत्रासाहेब आरोग्य समितीचे अध्यक्ष. प्रत्येक इस्पितळाच्या आवारात नातेवाइकांसाठी निवारा असलाच पाहिजे असा नियम करा, म्हणून मंडळी त्यांच्याकडे खेटे घालत होती. अहिल्याबाई केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला. फाइल कशी झोपवतात हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. बत्रासाहेब दर वेळी चहा पाजायचे आणि म्हणायचे, “नियम की क्या ज़रूरत है, बहनजी? आप लोग इतना अच्छा काम कर तो रहे हैं!”

“पण बाई, लोक गारठतील ना!” सुमित्रा कळवळून म्हणाली.

अहिल्याबाईंनी कप खाली ठेवला. “गेल्या वर्षी ते आजोबा फुटपाथवरच गेले, सुमित्रा. थंडीनं गेले. अंगावर आपलंच ब्लँकेट होतं.”

अहिल्याबाईंनी डोळे पुसले आणि बेत सांगितला. ब्लँकेटं द्यायचीच, पण पाहुणे गेल्यावर. त्याआधी उपासना, तीही फुटपाथवर. आणि प्रवचनाला मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब दीनानाथ. हे नाव ऐकलं मात्र, रडवेल्या बायकांतही खसखस पिकली.

पाळकसाहेबांचं प्रवचन म्हणजे भल्याभल्यांच्या सहनशक्तीची परीक्षा. आदामापासून सुरुवात केल्याशिवाय त्यांना बेथलेहेम गाठताच येत नसे. जरा आटोपतं घ्या, अशी लोक त्यांना दर रविवारी विनवणी करायचे. यंदा पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी सांगितलं की, पाळकसाहेब, काहीही गाळू नका.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी बत्रासाहेब आले तेव्हा धुकं चांगलंच उतरलं होतं. खुर्ची कुठेच नव्हती. अहिल्याबाईंनी त्यांना मानानं पुढे नेलं आणि सतरंजीवर एका म्हातारीशेजारी बसवलं. सतरंजी पातळ, खाली गारठलेली फरशी. झांजा आणि तबल्यावर गीतं झाली. मग पाळकसाहेब उठले, त्यांनी घसा साफ केला आणि पाहुण्यांसाठी खास हिंदीतून आदामापासून आरंभ केला.

बत्रासाहेबांनी आधी मफलर आवळला. नोहाच्या वेळी त्यांनी हात काखेत घातले. मोशे समुद्र ओलांडून पार होईस्तोवर त्यांचे दात वाजू लागले. उठून जावं, तर समोर त्यांनीच बोलावलेला फोटोग्राफर उभा. तेवढ्यात शेजारच्या म्हातारीनं आपल्या फाटक्या शालीचं टोक त्यांच्या गुडघ्यांवर ओढलं. “ओढ़ ले, बेटा.”

बत्रासाहेब अवघडून अहिल्याबाईंकडे झुकले. “बहनजी, यहाँ तो बैठा नहीं जाता!”

“आप तो अभी आए हैं, साहब,” अहिल्याबाई म्हणाल्या. “अम्माजी दिवाली से बैठी हैं.”

बत्रासाहेब म्हातारीकडे बघत राहिले. मग त्यांनी ते टोक गुडघ्यांवरून उचललं आणि नीट तिच्या खांद्यावर घातलं. फोटोग्राफरनं कॅमेरा वर केला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. ते उठले मात्र नाहीत. पाळकसाहेब बेथलेहेमला पोहोचेपर्यंत थरथरत बसून राहिले.

वसंतात नियम झाला. महापालिकेच्या सभेत ठराव बत्रासाहेबांनीच मांडला. निवाऱ्यासाठी जागा कुठे आहे, पैसा कुठे आहे, म्हणून बरीच ओरड झाली. बत्रासाहेबांचं सगळ्यांना एकच उत्तर होतं, “पहले वहाँ बैठकर आइए, फिर बोलिए.” वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या अहिल्याबाईंनी सुमित्राचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी पिचली.

पुढच्या नाताळात सवयीप्रमाणे टेम्पो भरून ब्लँकेटं निघाली. मंडळी इस्पितळासमोर उतरली आणि उभीच राहिली. फुटपाथवर कोणीही नव्हतं. फाटकाच्या आत नव्या निवाऱ्याचे दिवे लागले होते. दारातून रांगेनं मांडलेल्या खाटा दिसत होत्या आणि प्रत्येक खाटेवर जाडजूड रजई. कोणीतरी आत पोटभर हसत होतं.

“अगं बाई! मग आता ही कोणाला द्यायची?” सुमित्रा भरल्या टेम्पोकडे बघत म्हणाली.

अहिल्याबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. त्यांनी फुटपाथच्या मधोमध सतरंजी अंथरली, वर ऐसपैस मांडी घातली आणि पाळकसाहेबांना हाक मारली.

“पाळकसाहेब, एकसुद्धा ब्लँकेट खपलं नाही! करा सुरुवात. अगदी आदामापासून!”